कासाल्स आजोबांची कट्टी

बालमित्रांनो, खरं खरं सांगा, तुम्ही कधी कुणाशी कट्टी घेतली आहे का? घेतलीच असणार! आमच्या चौथीच्या वर्गात तर मधल्या सुट्टीत रोज एक तरी कट्टी होतेच. करंगळी पुढे करायची, "कट्टी!" म्हणायचं आणि तोंड फिरवून बसायचं. मग पुढच्या तासाला खोडरबर लागतं, पट्टी लागते, नाहीतर कुणाच्या तरी डब्यात शंकरपाळे निघतात आणि झाली गट्टी! आजवर मी पाहिलेली सर्वांत लांब कट्टी तीन दिवस टिकली होती. तीसुद्धा शनिवार-रविवार धरून!

आज मी तुम्हाला अशा एका आजोबांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांनी एका देशाच्या हुकूमशहाशी कट्टी घेतली आणि तब्बल चौतीस वर्षं, अगदी शेवटच्या श्वासापर्यंत ती सोडली नाही. हे आजोबा होते वादक, म्हणून त्यांची कट्टीही वाजवण्याचीच होती. "तुझ्या राज्यात मी वाजवणार नाही," अशी. ते चेलो वाजवत. त्यांच्यासारखा चेलो तेव्हा जगात दुसरं कुणी वाजवत नाही, असं मोठमोठे जाणकार म्हणायचे. त्यांचं नाव पाब्लो कासाल्स.

आधी चेलो म्हणजे काय ते बघू या. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. चेलो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो इतका मोठा की हनुवटीखाली धरताच येत नाही. वादक खुर्चीवर बसतो, चेलो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा धरतो. खाली एक टोकदार दांडी असते, ती जमिनीवर टेकते. तारा चार. डाव्या हाताची बोटं तारांवर आणि उजव्या हातात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. आवाज कसा म्हणाल, तर शेजारच्या खोलीत घरातलं कुणी मोठं माणूस काम करता करता गुणगुणतंय, असा. जुन्या हिंदी चित्रपटांतली गाणी लागली की नीट कान द्या. व्हायोलिनांच्या खालून एक जाड, गंभीर सूर वाहत असतो. मुंबईच्या स्टुडिओंत अशी वाद्यं वाजवणाऱ्यांत गोव्याकडचे वादक पुष्कळ असत, बरं का!

आता जाऊ स्पेनला. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठाला कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तिथली भाषा वेगळी, कॅटलान. या प्रांतातल्या एल वेंद्रेल नावाच्या लहानशा गावात २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लोचा जन्म झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पगार बेताचा, पण घरात सकाळ-संध्याकाळ संगीत. पाब्लो वडिलांकडूनच गायला, पियानो आणि व्हायोलिन वाजवायला शिकला. ऑर्गन मात्र लगेच मिळाला नाही. कारण ऑर्गन पायांनीही वाजवावा लागतो. "तुझे पाय खालच्या पट्ट्यांना टेकतील तेव्हा शिकवीन," असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. मग काय, पाब्लो बसून आपले पाय लांब होण्याची वाट बघतोय! नवव्या वर्षी एकदाचे ते टेकले.

एकदा गावात विदूषकांचे कपडे घातलेले फिरते वादक आले. त्यांची वाद्यंही विचित्र. त्यातल्या एकानं केरसुणीच्या दांड्याला तार बांधून ती गजानं वाजवली. पाब्लो एवढा भारावला की घरी येऊन त्यानं वडिलांच्या मागे भुणभुण लावली. वडील हसले, पण त्यांनी एक वाळलेला भोपळा घेतला, त्याला दांडा जोडला, एक तार ताणून बसवली आणि पोराच्या हातात दिलं. मिरजेचे कारागीर भोपळ्यापासून सतार आणि तंबोरा बनवतात हे तुम्हाला ठाऊक असेल. तसाच हा भोपळ्याचा चेलो! त्या एका तारेवर पाब्लोनं गावात ऐकू येणारी कितीतरी गाणी बसवली.

खरा चेलो त्यानं ऐकला अकराव्या वर्षी, बार्सिलोनाहून तीन वादक गावात आले तेव्हा. तो सूर ऐकून त्याला घशाशी काहीतरी दाटल्यासारखं झालं. हेच आपलं वाद्य, हे त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आणि मग घरात भांडण सुरू झालं.

वडील म्हणाले, संगीतावर पोट भरत नाही, मी स्वतः अनुभव घेतोय. पोराला सुतारकाम शिकवू. हातात एक हुन्नर असला की उपाशी राहणार नाही. आई म्हणाली, मुळीच नाही. याच्यात देणगी आहे, ती वाया घालवायची नाही. पालकांनो, आमच्या पालकसभेत हा संवाद मी दर वर्षी ऐकते. वडिलांना वाईट ठरवायला माझी जीभ रेटत नाही. भोपळ्याचा चेलो करून देणारे हेच ते वडील! त्यांना पोराच्या भाकरीची काळजी होती. आणि पाब्लो? आपल्यामुळे आई-बाबा भांडतात, याचं त्याला फार वाईट वाटे. शेवटी आईचं चाललं. १८८८ साली ती त्याला घेऊन बार्सिलोनाला आली आणि तिनं त्याला तिथल्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत घातलं.

त्या काळी चेलो शिकताना मुलांना उजव्या काखेत एक पुस्तक धरून वाजवायला लावत. पुस्तक खाली पडता कामा नये! म्हणजे कोपर अंगाला चिकटलेलं, हात आखडलेला. पाब्लोला हे पटेना. घरी एकटा असताना त्यानं पुस्तक ठेवून दिलं आणि हात मोकळा सोडून वाजवून पाहिलं. डाव्या हाताची बोटंही तो वेगळ्या पद्धतीनं ताणून ठेवू लागला. शाळेत आधी सगळे हसले. पुढे जगभरच्या चेलोवादकांनी हीच मोकळी पद्धत उचलली. (मुलांनो, याचा अर्थ उद्यापासून बाईंनी सांगितलेलं ऐकायचं नाही, असा काढू नका हं! त्यानं आधी पुस्तक काखेत धरूनही नीट वाजवून दाखवलं असणार, असं माझं आपलं मत.)

शिक्षणाचा खर्च भागवायला पाब्लो संध्याकाळी एका कॉफीगृहात वाजवत असे. वडील आठवड्याला गावाहून भेटायला येत. कॉफीगृहात वाजवायला नवीन काही हवं म्हणून १८९० मध्ये एके दिवशी बापलेक बंदराजवळच्या गल्ल्यांतून जुनी स्वरलिपीची पुस्तकं शोधत हिंडत होते. एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यात पाब्लोला एक चुरगळलेलं, पिवळं पडलेलं पुस्तक दिसलं. 'योहान सेबास्टियन बाख, एकट्या चेलोसाठी सहा सुइट.' तेरा वर्षांच्या पाब्लोनं असं काही असल्याचं ऐकलंसुद्धा नव्हतं. ते पुस्तक छातीशी धरून तो घरी आला.

आता हे बाख कोण? ते जर्मनीतले थोर संगीतकार, १६८५ ते १७५० या काळातले. सुइट म्हणजे धुनांची माळ. आधी एक प्रस्तावना आणि मग पाच नाचाच्या धुना. अशा सहा माळा बाख यांनी १७२० च्या सुमारास चेलोसाठी लिहिल्या. साथीला कुणी नाही, पियानो नाही, दुसरं व्हायोलिन नाही. एकटा चेलो आणि चार तारा. बाख यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली प्रत तर हरवलीच. त्यांच्या पत्नीनं, आना माग्दालेना यांनी, करून ठेवलेली नक्कल उरली म्हणून ते संगीत आज आपल्याला मिळतं. पाब्लोच्या काळी लोक या सुइटना बोटांचा व्यायाम समजत. आपण पाढे घोकतो ना, तसा. मैफलीत एखादा तुकडा कुणी वाजवला तर वाजवला. अख्खा सुइट वाजवायचा म्हणजे पाढ्यांच्या वहीतून कविता वाचून दाखवण्यासारखंच!

पाब्लोला मात्र त्या पाढ्यांत कविता दिसली. तो रोज त्या सुइटचा अभ्यास करू लागला. किती दिवस केला असेल? ओळखा बघू! वर्गात मी हे विचारलं तेव्हा कुणी म्हणालं दोन महिने, कुणी एक वर्ष. एका मुलानं फार विचार करून सांगितलं, "पाच वर्षं." तर मुलांनो, उत्तर आहे बारा वर्षं! बारा वर्षं रोज अभ्यास केल्यावर त्यानं पहिल्यांदा त्यातला एक पूर्ण सुइट लोकांसमोर वाजवला. तुम्ही आज चौथीत असाल तर बारा वर्षांनी तुमचं कॉलेज संपत आलेलं असेल. आज सुरू केलेली एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी दाखवायची, असा हिशेब आहे हा. मी स्वतः हार्मोनियम शिकायला गेले होते आणि तिसऱ्या आठवड्यात शेजारच्यांना बोलावून ऐकवली होती. शेजारी चांगले होते, म्हणून आजही बोलतात.

मधल्या काळात पाब्लोच्या आयुष्यात बरंच काही घडलं. आल्बेनिस नावाच्या नामांकित संगीतकारानं त्याला कॉफीगृहात ऐकलं आणि माद्रिदला राजदरबारातल्या एका सरदाराच्या नावे चिठ्ठी दिली. तिथं राणीनं त्याला दरमहा २५० पेसेटांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याला ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात पाठवायचं ठरलं. तिथली हकिकत कासाल्स म्हातारपणीसुद्धा सांगत. वर्गातल्या प्राध्यापकांनी या बुटक्या, परक्या पोराला विचारलं, तुला कोणकोणत्या रचना येतात? हा म्हणाला, तुम्ही सांगाल ती. प्राध्यापकांनी वर्गासमोर त्याची भरपूर टिंगल केली. सगळी मुलं हसली. मग एक महाकठीण रचना वाजवायला सांगितली. पाब्लोनं ती वाजवली. वर्ग चिडीचूप! प्राध्यापकांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं की तू इथं प्रवेश घेतलास तर पहिलं बक्षीस तुलाच. तो म्हणाला, तुम्ही सगळ्यांसमोर माझा अपमान केलात, मला इथं क्षणभरही राहायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी आईसह तो पॅरिसला निघून गेला.

वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, हो ना? पण त्या स्वाभिमानाची किंमत कुणी मोजली ते ऐका. ब्रुसेल्स सोडलं म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली. पॅरिसच्या थंडीत माय-लेकरांकडे पैसे नाहीत. पाब्लो एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला, रोज चेलो घेऊन पायी जाऊ-येऊ लागला आणि आजारी पडला. एके दिवशी आई घरी आली तेव्हा तिचे लांबसडक काळे केस कापलेले होते. थोड्याशा फ्रँकसाठी तिनं ते विकले होते. केसच तर आहेत, पुन्हा येतील, असं म्हणून ती कामाला लागली.

ते दिवसही सरले. स्पेनला परतल्यावर पाब्लोला काम मिळालं. १८९९ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये त्याचं वादन झालं आणि त्याच्या नावाचा डंका सगळीकडे वाजू लागला. आता इथून पुढे आपण त्याला 'अहो' म्हणू या, कारण कासाल्स आता मोठे झाले.

मोठे झाले, पण एक गोष्ट गेली नाही. भीती! स्टेजवर जायच्या आधी या माणसाच्या पोटात गोळा येई. १९०१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावर मित्रांबरोबर फिरायला गेले होते. वरून एक मोठा दगड गडगडत आला आणि त्यांच्या डाव्या हातावर आदळला. बोट चेचलं. आणि त्या क्षणी त्यांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? सुटलो बुवा, आता चेलो वाजवायला नको! हे त्यांनीच पुढे कबूल केलं आहे. बोट बरं झालं, वाजवणं सुरू झालं. भीती मात्र जन्मभर सोबत राहिली. स्नेहसंमेलनात पडदा उघडताना ज्यांचे पाय लटपटतात, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर कासाल्स यांनी बार्सिलोनाला स्वतःचा वाद्यवृंद काढला. पहिली मैफल १९२० मध्ये झाली. कित्येक वर्षं तोटा होई, तो ते आपल्या खिशातून भरत. पण मैफलीचं तिकीट कामगारांना कसं परवडणार? म्हणून कामगारांचीच एक संघटना उभी राहिली. अगदी थोडकी वर्गणी भरायची आणि रविवारी सकाळी हाच वाद्यवृंद, हेच कासाल्स, तुमच्यासाठी! गिरण्या-कारखान्यांतली माणसं बायका-मुलांना घेऊन बेथोव्हन आणि बाख ऐकायला येत. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत समाधानाच्या गोष्टींत कासाल्स या मैफली मोजत.

मग आली १८ जुलै १९३६ ची संध्याकाळ. बार्सिलोनाच्या सभागृहात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालली होती. या सिंफनीच्या शेवटी मोठा गायकवृंद उभा राहतो आणि सगळी माणसं भाऊ-भाऊ आहेत, असं गातो. गायक तयार होत होते, एवढ्यात एक माणूस धावत चिठ्ठी घेऊन आला. सैन्यानं सरकारविरुद्ध बंड केलं आहे, शहरावर हल्ला होण्याचा धोका आहे, मैफल रद्द, सगळ्यांनी ताबडतोब घरी जावं. कासाल्स यांनी चिठ्ठी सर्वांना वाचून दाखवली आणि विचारलं, आपण पुन्हा कधी भेटू माहीत नाही, निरोप घेण्याआधी शेवटचा भाग पूर्ण करू या का? सगळे हो म्हणाले. बाहेर रस्त्यांवर अडथळे रचले जात होते आणि आत गाणं चाललं होतं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे कासाल्स यांना समोरची स्वरलिपी दिसत नव्हती.

त्यानंतर स्पेनमध्ये जवळजवळ तीन वर्षं यादवी युद्ध झालं. एका देशातली माणसं एकमेकांना मारत होती. कासाल्स निवडून आलेल्या सरकारच्या बाजूनं होते. परदेशांत वाजवून ते औषधांसाठी, उपाशी मुलांसाठी पैसे जमवत. याच काळात, १९३६ ते १९३९ मध्ये, लंडन आणि पॅरिसच्या स्टुडिओंत त्यांनी बाखचे सहाही सुइट ध्वनिमुद्रित केले. आज ते आपल्याला ऐकायला मिळतात. ऐकाल तेव्हा लक्षात असू द्या, की वाजवणाऱ्याचं घर तेव्हा जळत होतं.

१९३९ मध्ये बंडखोर सेनापती फ्रान्सिस्को फ्रँको जिंकला आणि स्पेनचा हुकूमशहा झाला. चार-पाच लाख माणसं पायी डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली. कासाल्सही गेले. सीमेजवळ, पिरेनीज पर्वताच्या कुशीत प्राद नावाचं छोटं गाव आहे, तिथं ते राहिले. तेव्हा त्यांचं वय होतं बासष्ट. त्यांना जगातल्या कुठल्याही शहरात बंगला मिळाला असता. पण फ्रान्सनं त्या निर्वासितांना समुद्रकाठच्या वाळूत, काटेरी तारांच्या आत ठेवलं होतं. डोक्यावर छप्पर नाही, प्यायला धड पाणी नाही. कासाल्स या छावण्यांत अन्न, कपडे, पैसे घेऊन जात. उरलेला वेळ पत्रं लिहिण्यात जाई. मदत मागणारी पत्रं, मदतीबद्दल आभाराची पत्रं, धीर देणारी पत्रं. किती लिहिली असतील त्याला गणतीच नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं, फ्रान्सवर जर्मनांचा ताबा आला. एके दिवशी नाझी अधिकारी कासाल्स यांच्या दारात उभे राहिले. आता पकडणार, असंच त्यांना वाटलं. पण ते गोड बोलत होते. बर्लिनला चला, तिथं वाजवा, हवं तर खास रेल्वेचा डबा देतो. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालापासूनच कासाल्स यांनी जर्मनीत वाजवायचं नाकारलं होतं. ते नाहीच म्हणाले. बरं, मग निदान आत्ता आमच्यासाठी थोडं वाजवा. तर म्हणाले, खांदा फार दुखतो हो! (माझ्या वर्गात गणिताच्या तासाला पोट दुखतं ना, तसाच हा खांदा!) घरात सरपण नव्हतं, खायला कंदमुळं होती, तरी चेलो पेटीतून बाहेर आला नाही.

१९४५ साली युद्ध संपलं. हिटलर संपला, आता त्याचा दोस्त फ्रँकोही जाणार, अशी सगळ्या निर्वासितांना आशा होती. कासाल्स आनंदानं इंग्लंडला गेले, लंडनच्या भल्यामोठ्या सभागृहात वाजवलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. पण महिने गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं की मोठ्या देशांना फ्रँकोशी वैर नकोच आहे. त्याचं राज्य तसंच राहणार. कासाल्स यांनी पुढच्या मैफली रद्द केल्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठं मानाच्या पदव्या देऊ करत होती, त्या नाकारल्या. अमेरिकेतून भल्यामोठ्या रकमांची बोलावणी आली, तीही परत पाठवली. ज्या देशांनी फ्रँकोला चालवून घेतलं, तिथं आपण वाजवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. स्पेनमध्ये तर नाहीच नाही. कट्टी!

वर्गात मी इथपर्यंत गोष्ट सांगितली आणि एका मुलीनं हात वर केला. "बाई, पण मग त्या फ्रँकोला काय फरक पडला? तो तर राज्य करतच होता ना?" मी उत्तर शोधतेय तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "नुकसान तर ऐकणाऱ्यांचं झालं!" मला पटकन काही सुचेना. कारण दोघांचंही बरोबर होतं. फ्रँकोची खुर्ची एका चेलोनं हललेली नाही. आणि रोज वाजवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्या माणसानं लोकांसमोर वाजवणं सोडायचं, यात सर्वांत मोठी शिक्षा त्याला स्वतःलाच होती. घरात मात्र रोजचा रियाज चालू होता. सकाळी आधी पियानोवर बाखच्या दोन रचना, मग चेलो. त्यात खंड नाही.

मागच्या बाकावरच्या मुलानं जे म्हटलं, तेच अलेक्झांडर श्नायडर नावाच्या व्हायोलिनवादकाला वाटत होतं. त्यानं प्रादला येऊन कासाल्स यांना खूप विनवलं. ते ढिम्म हलेनात. तेव्हा त्यानं आणि त्याच्या मित्रांनी वेगळीच शक्कल काढली. तुम्ही जगाकडे येत नाही ना? ठीक आहे, मग जगच तुमच्याकडे आणतो! १९५० साली बाख यांच्या मृत्यूला २०० वर्षं होत होती. त्या जूनमध्ये देशोदेशीचे नामवंत वादक आपापली वाद्यं घेऊन त्या डोंगरातल्या गावात उतरले. श्रोते आले, पत्रकार आले. गावातल्या जुन्या चर्चमध्ये मैफली झाल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची मनाई, म्हणून लोक नुसते उभे राहत. त्र्याहत्तर वर्षांचे, टक्कल पडलेले, चष्मा लावलेले कासाल्स आजोबा डोळे मिटून बाख वाजवत होते. तेराव्या वर्षी धुळीत सापडलेलं तेच संगीत. हा महोत्सव पुढेही दर वर्षी होत राहिला.

या मैफलींच्या अखेरीस ते एक छोटी धून वाजवत. तिचं नाव 'पक्ष्यांचं गाणं'. कॅटलोनियातली ती जुनी नाताळची धून आहे. बाळ येशूच्या जन्माच्या रात्री पक्षी गातात, अशी तिची कल्पना. घर सोडून आलेल्या लोकांना ती ऐकली की आपला गाव आठवे.

१९५० नंतरची वर्षं थोडक्यात सांगते. कासाल्स यांची आई जन्मली होती अटलांटिक महासागरापलीकडच्या पोर्तो रिको या बेटावर. ते ऐंशीच्या घरात असताना तिथं राहायला गेले. आपली विद्यार्थिनी मार्ता मोंतान्येस हिच्याशी त्यांनी १९५७ साली विवाह केला. तिथं महोत्सव सुरू केला, वाद्यवृंद आणि संगीत विद्यालय उभारलं. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आमंत्रणावरून ते व्हाइट हाउसमध्ये वाजवायला गेले. याआधी तिथं ते १९०४ साली वाजवून आले होते, म्हणजे मध्ये सत्तावन्न वर्षं! पण थांबा. अमेरिकेनं तर फ्रँकोला मान्यता दिलेली होती. मग हा नियम मोडणं झालं की नाही? झालंच. केनेडींकडून जगाच्या शांततेसाठी काही घडेल अशी आशा त्यांना वाटत होती, म्हणून त्यांनी अपवाद केला. काहींना ते आवडलं नाही. मला विचाराल तर मी गेले असते की नसते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही घरी यावर भांडून बघा. स्पेनशी असलेली कट्टी मात्र तशीच होती.

२४ ऑक्टोबर १९७१. न्यू यॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचं सभागृह गच्च भरलेलं. कासाल्स पंचाण्णवाव्या वर्षात होते. संघाचे सरचिटणीस, आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशाचे ऊ थांट यांनी त्यांना शांतता पदक दिलं. कासाल्स यांनी राष्ट्रसंघासाठी रचलेल्या गीताचं संचालन त्या दिवशी त्यांनी स्वतः केलं. मग ते बोलायला उभे राहिले. आपण कॅटलान आहोत, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. आपण बरीच वर्षं लोकांसमोर चेलो वाजवलेला नाही, पण आज वाजवणार आहोत, असंही सांगितलं. आमच्याकडचे पक्षी आकाशात उडताना "पीस, पीस" म्हणजे "शांती, शांती" असं गातात, असं ते इंग्रजीत म्हणाले. हात थरथरत होते. गज तारांवर टेकला आणि 'पक्ष्यांचं गाणं' सुरू झालं. त्याचं चित्रीकरण आज पाहायला मिळतं. आई-बाबांच्या फोनवर शोधून जरूर बघा. आमच्या वर्गानं पाहिलं तेव्हा, एरवी एक मिनिट शांत न बसणारी अठ्ठावीस मुलं ते गाणं संपेपर्यंत गप्प होती.

एक गंमत सांगायची राहिली. पाब्लो हे त्यांचं स्पॅनिश नाव. त्यांच्या मायबोलीत, कॅटलानमध्ये, त्यांचं नाव होतं पाउ. आणि त्या भाषेत 'पाउ' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे शांती!

कासाल्स आजोबा २२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोला वारले. वय वर्षं शहाण्णव. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला. त्याच्या राज्यात आपण वाजवणार नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं आणि फ्रँकोनंतरचा स्पेन त्यांना पाहायला मिळाला नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांचे अवशेष विमानानं स्पेनला आणले गेले आणि एल वेंद्रेलच्या दफनभूमीत ठेवले गेले. वडिलांनी करून दिलेला तो भोपळ्याचा, एका तारेचा चेलो तिथं आधीपासूनच होता. तो त्यांनी आपल्या तिथल्या घरात काचेच्या पेटीत जपून ठेवला होता.